रोटरी इंजिन तेल खाणारच. गेज बघायचं काम मालकाचं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाहन पुरवणीत रोटरी इंजिन परत आल्याचा लेख वाचला. माज्दाने 2023 मध्ये एमएक्स-30 आर-ईव्ही या गाडीत एकाच रोटरचं 830 सीसीचं इंजिन बसवलं, ते चाकं फिरवत नाही, जनरेटर चालवून बॅटरी भरतं, इथपर्यंत सगळं ठीक आहे. फोटोही चांगले छापलेत. पण शेवटाकडे लेखकाने जाता जाता एक शेरा मारला आहे : जुन्या रोटरी गाड्या इंजिन ऑइल खायच्या, म्हणजे ती इंजिनं मुळातच बिघडलेली असायची. हे वाचून गप्प बसवलं नाही. नेमक्या याच समजुतीने मेलेली इंजिनं मी माझ्या हाताने खोलली आहेत.

मी परभणीत गंगाखेड रोडला गॅरेज चालवतो. त्याआधी बरीच वर्षं शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात फिटर होतो. आपल्याकडे माज्दा म्हटलं की लोकांना स्वराज माज्दाची मिनीबस आठवते. तिकडे मात्र माज्दाची रोटरी इंजिनवाली आरएक्स-8 गल्लोगल्ली. नवी असताना हौशी पोरं घ्यायची, जुनी झाली की स्वस्तात पुढच्याला जायची आणि तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या हातात येईपर्यंत आमच्या शेडमध्ये टोचन करून यायची. त्या गाड्यांची रडकथा बहुतेक वेळा तेलाचीच असायची. तेल खाल्ल्याची नव्हे, तेल न घातल्याची.

लेखकाचा घोटाळा कुठे झाला ते सांगतो. साध्या इंजिनात पिस्टनच्या डोक्यावर जाळ असतो आणि पोटाखाली क्रँककेस. क्रँक फिरताना तेलाचे शिंतोडे खालून बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीवर उडतात, ऑइल रिंग जास्तीचं तेल खरवडते आणि ते परत खालच्या तेलाच्या चेंबरमध्ये पडतं. म्हणून अशा इंजिनाचं तेल भराभर कमी व्हायला लागलं की आपण म्हणतो, रिंगा गेल्या, इंजिनकाम आलं. रोटरीत ही खालची बाजूच नसते. फुगीर बाजूंचा तिकोनी रोटर, कमरेत थोड्या आवळलेल्या लंबगोल हाउसिंगमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात फिरतो आणि त्याच्या तिन्ही बाजूंना गॅस असतो. एकीकडे हवा-पेट्रोल आत ओढलं जातंय, दुसरीकडे दाबून पेटतंय, तिसरीकडून जळालेलं बाहेर पडतंय. रोटरच्या तिन्ही टोकांना पट्ट्या असतात, त्यांना अपेक्स सील म्हणतात. आरएक्स-8 मध्ये त्यांची जाडी अवघी दोन मिलिमीटर. त्या पट्ट्या हाउसिंगच्या भिंतीवर सतत घासत जातात. त्यांना तेल पोचवायचं कुठून?

म्हणून माज्दाने मोजून तेल सोडणारा पंप दिला. चेंबरमधलंच इंजिन ऑइल हा पंप बारीक नळ्यांतून थेंबाथेंबाने थेट हाउसिंगमध्ये सोडतो. ते सीलला वंगण देतं, फटीतून निसटणारा गॅस थोडा अडवतं आणि पेट्रोलबरोबर जळून सायलेन्सरने निघून जातं. धिरडं टाकताना तव्यावर फिरवलेलं तेल परत बुदलीत येईल म्हणून कुणी वाट बघत नाही, तसंच हे. आरएक्स-8 च्या आधीच्या जुन्या आरएक्स-7 ला हा पंप रॉडने थ्रॉटलला जोडलेला असायचा. पाय जितका दाबाल तितकं तेल जास्त. पुढे तेच काम कॉम्प्युटर करू लागला, आरपीएम आणि लोड बघून. पंप बदलला, तरी तेल जळायचं ते जळायचंच.

किती जळतं? नीट चालणारी आरएक्स-8 दीड-दोन हजार किलोमीटरला लिटरभर मागते, असा आमचा सरासरी अंदाज. हायवेवर शांतपणे चालवणाऱ्याची थोडी कमी खाते, आणि नऊ हजार आरपीएमपर्यंत काटा नेल्याशिवाय ज्याला झोप येत नाही त्याची जास्त. आता हिशेब तुम्हीच करा. तेल बदलून मालक पाच हजार किलोमीटर बॉनेट न उघडता फिरला, तर चेंबरमध्ये उरलं किती?

असाच एक गृहस्थ आला होता. मिटरशेजारी तेलाचा दिवा लागत होता म्हणे, पण वळणावर लागायचा आणि सरळ रस्त्यावर विझायचा, त्यामुळे त्याला वाटलं वायरिंगचा लोचा असेल. तेल इतकं खाली गेलेलं की वळणावर एका बाजूला सरकलं की उघडं पडायचं. इंजिन आम्ही खोललं. रोटरच्या बेअरिंगचा वरचा पांढरा थर जाऊन आतलं तांबं उघडं पडलेलं. हाउसिंगचा क्रोमचा थर लांबून चकचकीत दिसत होता, पण त्यावरून नख फिरवलं की बारीक चर लागायचे. ते नखाला लागले की समजायचं, हे हाउसिंग भंगारात. यात एक गोष्ट बऱ्याच मेकॅनिकनाही माहीत नसते. रोटरीत तेल फक्त वंगणाचं काम करत नाही, रोटरला आतून थंडही तेच करतं. पाणी हाउसिंगच्या अंगाने फिरतं, रोटरच्या पोटातून फिरतं ते तेल. म्हणून तर या गाड्यांना पुढच्या बाजूला ऑइल कूलर असतात. तेल कमी म्हणजे एकाच वेळी वंगण कमी आणि थंडावाही कमी, आणि वरून शारजाचा जुलै.

आता उलटा किस्सा. एक जण जुनी आरएक्स-7 घेऊन आला. गरम झाल्यावर बंद केली की पुन्हा स्टार्ट होत नाही, एवढीच तक्रार. बोलता बोलता फुशारकीने सांगायला लागला की माझी गाडी इतरांसारखी तेल खात नाही, लेव्हल हलतसुद्धा नाही. आमचा उस्ताद पेशावरचा, बोलणं कमी. त्याने गेज, म्हणजे तेलाची पातळी बघायची पट्टी काढली, पुसली, परत घालून काढली. तेल फुलच्या खुणेलाच. मग त्याने गेजचं टोक नाकाशी नेलं आणि माझ्याकडे दिलं. पेट्रोलचा भपका आला. चिमटीत घेऊन बघितलं तर तेल पाण्यासारखं पातळ. थोडं तेल कमी होत असेलही, पण त्याच्या जागी पेट्रोल उतरत होतं आणि गेजवर रेघ जिथल्या तिथे दिसत होती.

पण खरी गोम पुढे निघाली. मोजून तेल सोडणारा पंप आधीच्या मालकाने काढून टाकून तिथे बंद पट्टी मारलेली. तो मालक अडाणी नव्हता. पेट्रोल भरताना तो टाकीतच टू-स्ट्रोकचं तेल मिसळायचा. ते तेल जळण्यासाठीच बनवलेलं असतं, राख कमी करतं, त्यामुळे रोटरीवाले हौशी लोक असं करतात आणि ते चुकीचंही नाही. काही जण तर पंप तसाच ठेवून त्याला टू-स्ट्रोक तेलाची वेगळी टाकी जोडतात. पण गाडी विकताना ही गोष्ट नव्या मालकाला सांगितली गेली नाही. नवा मालक नुसतं पेट्रोल टाकून फिरत राहिला, सील कोरड्या घासत राहिल्या, कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब उतरला आणि गरम इंजिन स्टार्ट होईना. तेल न खाणारी रोटरी गाडी म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. आपल्या लेखकाने ती निरोगी ठरवली असती!

तिसरा प्रकार सगळ्यात हास्यास्पद, पण महागात पडणारा. आरएक्स-8 चं इंजिन पूर्ण रिकामं असेल तर साडेसहा लिटरच्या वर तेल लागतं. पण ड्रेन नट खोलला की तेल पडतं त्याच्या निम्म्याच्या आसपास, कारण बाकीचं कूलरमध्ये आणि त्याच्या पाइपांत अडकून राहतं. एका झटपट ऑइल बदलणाऱ्या दुकानातल्या पोऱ्याने कागदावरचा आकडा वाचला आणि नरसाळं लावून सगळं ओतलं. जास्तीचं तेल ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ सोडणाऱ्या पाइपातून इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत ओढायच्या वाटेत. गाडी आमच्या दारात आली तेव्हा मागे धुराचा असा लोट की शेजारचा पंक्चरवाला बादली घेऊन धावला. मालकाला वाटलं इंजिन गेलं. गेलं काहीच नव्हतं. जास्तीचं तेल काढलं, इनटेक पुसून घेतला, दुपारी गाडी परत.

म्हणजे तेल खाणं बरोबर, पण किती आणि कसं खातंय ते बघावं लागतं. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर येऊन थोड्या वेळाने थांबत असेल तर रोटरच्या बाजूच्या ऑइल सीलकडे संशय जातो. रात्रभर तेल झिरपून आत साचलेलं असतं. तो खरोखरचा दोष, त्याला इंजिन खोलावं लागतं. रोटरीचं कॉम्प्रेशन बघायचं तर दाब मोजायचं साधं गेज उपयोगाचं नाही. रोटरच्या तीन बाजू असतात आणि साधं गेज त्यातल्या सगळ्यात चांगल्या बाजूचाच आकडा धरून ठेवतं. एक सील तुटलेलं असलं तरी ते गेज म्हणतं सगळं झकास. तिन्ही बाजू वेगळ्या दाखवणारं खास यंत्र लागतं. ते नसताना रोटरी गाडीला पास-नापास करणाऱ्या मेकॅनिकवर विश्वास ठेवू नये, मग तो शारजाचा असो की पुण्याचा.

लेखकाशी मी एका बाबतीत सहमत आहे. रोटरीचा इतिहास सीलच्या दुखण्याने भरलेला आहे. रोटरी इंजिनाची कल्पना काढणाऱ्या फेलिक्स व्हँकेलच्या कल्पनेवर जर्मनीच्या एनएसयू कंपनीने गाडी काढली. तिची आरओ-80 आली 1967 मध्ये, 1968 ची युरोपातली कार ऑफ द इयर ठरली आणि पाठोपाठ सील झिजलेल्या इंजिनांच्या तक्रारींनी कंपनी बेजार झाली. 1969 मध्ये ती फोक्सवॅगनच्या पंखाखाली गेली. माज्दाच्या सुरुवातीच्या इंजिनांतही सील थरथरून हाउसिंगच्या भिंतीवर आडवे ओरखडे पडायचे, जपानी लोक त्यांना सैतानाच्या नखांचे व्रण म्हणत. केनिची यामामोतो यांच्या चमूने कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियमची सील काढली आणि मग 1967 मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही रोटरी गाडी बाजारात आणली. पण त्यांनी मोडून काढला तो थरथरीचा आणि झिजेचा दोष. तेल जाळणं त्यांनी मुद्दाम ठेवलं, कारण ते औषध होतं. चार रोटरची माज्दा 787बी 1991 मध्ये ल मानची चोवीस तासांची शर्यत जिंकली, ती काय बिघडलेल्या इंजिनावर?

दोषच काढायचे असतील तर ते काढायला जागा आहे. रोटरी पेट्रोल भरपूर पिते, आणि जळालेलं तेल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला सोसत नाही. युरोपात आरएक्स-8 ची विक्री 2010 मध्ये थांबली ती युरो-5 च्या प्रदूषण नियमांत न बसल्यामुळे, आणि 2012 मध्ये तिचं उत्पादनच बंद झालं. लेखकाने हे लिहिलं असतं तर मी हे पत्र लिहिलंच नसतं.

आणि वंगण जाळणाऱ्या इंजिनाचं आपल्याला एवढं नवल का वाटावं? चेतकमध्ये लिटरमागे 20 मिली टूटी ऑइल घालूनच पेट्रोल भरायचो की. यामाहा आरएक्स 100 ला तर तेलाची वेगळी टाकी होती आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलला जोडलेला छोटा पंप. मूठ पिळली की तेल जास्त. आरएक्स-7 च्या पंपाचं तत्त्व हेच. ज्यांनी परभणीत आरएक्स 100 उडवली ते सगळे याच तत्त्वावर बसून फिरले, आणि तेलाची टाकी रिकामी ठेवणाऱ्याचा पिस्टन जॅम होतो हे तेव्हा कॉलेजच्या पोरांनाही माहीत होतं. आपल्या शेजारच्या अहिल्यानगरच्या व्हीआरडीई या संरक्षण खात्याच्या वाहन संशोधन संस्थेने बंगळुरूच्या एनएएल या विमान संशोधन संस्थेबरोबर निशांत या मानवरहित विमानासाठी 55 अश्वशक्तीचं व्हँकेल, म्हणजे रोटरी इंजिन तयार केलं आणि 2009 मध्ये कोलारला ते आकाशात उडवून दाखवलं. बीडच्या हद्दीला लागून असलेल्या जिल्ह्यातली ही गोष्ट, पण आमच्या आयटीआयच्या पोरांना विचारा, एकाला सांगता येणार नाही.

मला खरी काळजी आहे ती हात सुटल्याची. आता माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ गिऱ्हाइकांनी आपल्या गाडीचं गेज कधी बाहेर काढलेलं नसतं. सर्व्हिस दहा हजार किलोमीटरला, तोवर बॉनेट बंद. जालन्याला जाऊन समृद्धीला लागायचं आणि तिथून मुंबईपर्यंत काटा 120 वर. परवा एक डॉक्टर आले होते, लहान टर्बो पेट्रोल गाडी, अगदी नवी म्हणावी अशी. हेल्परने गेज काढून मला हाक मारली, "मामा, गाडी तेल खायलीय, लोच्याबी खालीय बगा." डॉक्टर म्हणाले, शक्यच नाही, दिवा कुठे लागला? त्यांना सांगितलं, तो लाल कॅनचा दिवा तेलाच्या प्रेशरचा असतो, लेव्हलचा नाही. प्रेशर पडायच्या आधी लेव्हल किती खाली जाते ते तो सांगत नाही, आणि तो लागतो तेव्हा गाडी तिथल्या तिथे बंद करायची असते, पुढच्या पंपापर्यंत न्यायची नसते. माणूस शिकलेला, रोज लोकांचं रक्त तपासतो, पण हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. साधी पिस्टनची इंजिनंही थोडं तेल खातात, कंपन्यांच्या पुस्तकांत तशी मुभा लिहिलेली असते. फक्त ती बारीक अक्षरात असते.

गेज बघण्यात शास्त्र मोठं नाही. गाडी सपाट जागेवर, इंजिन गरम करून बंद केल्यावर पाचेक मिनिटं थांबा, म्हणजे वरचं तेल खाली उतरतं. गेज काढून स्वच्छ फडक्याने पुसा. धागे न सुटणारं फडकं घ्या, जुन्या बनियनचे धागे गेजला चिकटतात. पूर्ण आत घाला, काढा, आडवं धरून उजेडात बघा. नवं तेल पारदर्शक असल्याने रेघ चटकन दिसत नाही. दिसल्यावर वासही घ्या. रोटरी असेल तर एक आड एक टाकी भरताना हे करा आणि डिकीत लिटरभर तेलाचा डबा ठेवा. कोणतं तेल, मिनरल की सिंथेटिक, यावर शारजात आमच्या शेडमध्ये केरळवाले आणि पठाण चहा संपेपर्यंत भांडायचे. माझं मत असं की कंपनीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचं घाला आणि वेळेवर बदला. ब्रँडवर भांडणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या गाडीत तेल लोच्या खुणेला असायचं.

मराठवाड्यातून आजही पोरं फिटर म्हणून आखातात जातात, परभणी-नांदेड-हिंगोलीची कितीतरी. तिथे पहिल्याच आठवड्यात हाताखाली आरएक्स-8 येऊ शकते. अशा पोराने आपल्या पुरवणीतलं ते वाक्य डोक्यात ठेवलं तर तो मालकाला सांगेल की तुमचं इंजिन गेलं, आणि चांगलं इंजिन विनाकारण खोललं जाईल. किंवा न खाणाऱ्या गाडीला शाबासकी देऊन परत पाठवेल, ते त्याहून वाईट.

तेव्हा त्या वाक्याची दुरुस्ती पुढच्या पुरवणीत छापावी, ही विनंती. जमल्यास आयटीआयच्या मोटर मेकॅनिक ट्रेडच्या निदेशकांनीही एक तास रोटरीला द्यावा. शारजाहून येताना झिजलेल्या अपेक्स सीलचा एक डबा आणि तांबं उघडं पडलेलं एक रोटर बेअरिंग मी सोबत आणलं आहे. मराठवाड्यातल्या कुठल्याही आयटीआयला पोरांना दाखवायला हवं असेल तर त्यांनी गॅरेजवर येऊन न्यावं, पैसे नकोत. दाखवून झालं की परत आणून द्यावं, बाजारात तसा नमुना मिळत नाही.

आपला,
एक गॅरेजवाला
गंगाखेड रोड, परभणी